बंद करायची परवानगी

१

हे सगळं तक्रारींच्या वहीत लिहितोय. दुसरा कागद हाताशी नाही. खाली जाऊन आणावा म्हणाल, तर त्याचं पुढं सांगतो.

मी भाऊसो. कडेगावचा, वय बहात्तर, शिक्षण सातवी, आणि तेही मास्तर कंटाळले म्हणून. चोवीस वर्षं फौजेत सिग्नलला काढली. पेन्शनीवर आल्यावर बाकीच्यांनी म्हशी घेतल्या, मी रेडिओ घेतला. ऐकायचा नव्हे, बोलायचा. त्याची सरकारी परीक्षा असते, परवाना असतो. मी तिसऱ्या खेपेला पास झालो आणि गल्लीत पेढे वाटले. गल्लीला वाटलं नात झाली.

गच्चीवर आठ बाय सहाची खोली बांधली. एक दार, एक गजांची खिडकी, टेबल, खुर्ची, पंखा आणि सेट. चिंचेच्या फांदीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत एरिअलची तार. इथं बसून मी जपानातल्या माणसाला विचारतो, आमच्याकडं ऊन हाय, तुमच्याकडं काय? तो सांगतो पाऊस. झालं आमचं बोलणं. एवढ्यासाठी बायको मला येडा म्हणते.

छंद एकट्याचा आणि त्रास गल्लीला, असा हा प्रकार आहे. मी बटण दाबून बोललो की माझा आवाज कधीकधी शेजाऱ्यांच्या स्पीकरमधून निघतो. स्वस्तातला डबा आणि लांबलचक वायर असली की ती वायरच एरिअल होते. शेजारच्या बायडाबाईच्या भजनाच्या डब्यात मी लख्ख यायचो. आता असं हत्यार माझ्यासारख्याच्या हातात आल्यावर काय होणार? एका गुरुवारी तिचा नैवेद्य चाललाय हे मी गच्चीवरनं बघितलं, खोलीत आलो, बटण दाबलं आणि जड आवाजात म्हणालो, "बायडाबाई, वरणाला मीठ कमी हाय." तिनं दोनदा मीठ घातलं. ते वरण नंतर कुत्र्यानंसुद्धा खाल्लं नाही.

तेव्हापासून मी दोन वह्या ठेवल्या. एकीत सेट कधी चालू, कधी बंद, मिनिटासकट. दुसरीत तक्रार: कोण, किती वाजता, काय ऐकलं; ही कायम माझ्या काखेत. दोन्हीतली वेळ जुळली की चूक माझी. मग मी जायचं, त्यांच्या वायरीवर रेडिओच्या लहरी अडवणारं काळं कडं चढवायचं, चहा प्यायचा. कडं चढवलं की आवाज बंद. बायडाबाई त्या कड्याला हळदकुंकू वाहते. मी अडवत नाही.

चौदा वर्षांत न जुळलेली एकही तक्रार नव्हती.

२

मंगळवारी सव्वाअकराला बायडाबाई कमरेवर हात ठेवून दारात.

"भावजी, कडं चढवून बी तुमी बोलतायच व्हय? मर्दा, वय काय, करताय काय!"

"आता मी काय केलं?"

"आत्ता बोलला की माज्या डब्यातनं. तुकारामाचा अभंग चाललाता, मदीच तुमी."

"काय बोललो?"

"तुमच्या बायकूशी बोलत हुता. 'अंजना, पंखा बंद करू नको. अंजना, कडी लावू नको.' नवरा-बायकूचं घरात बोला की, आमाला कशाला ऐकिवता?"

अंजना चुलीपुढनं उठून आली. "कुठला पंखा? हे तर सकाळपास्नं हितं बसून माजं डोस्कं खात्यात."

मी वही काढली. सेट सोमवारी सायंकाळी सहाला बंद केलेला, त्यानंतर खोलीचं दारही उघडलं नव्हतं. वेळ जुळत नव्हती. मी लिहिलं: मंगळवार, ११.१०, बायडाबाई, पंखा आणि कडी. पुढं कंसात लिहिलं, भ्रम. आणि मनातल्या मनात लाजलो, कारण असली नामी चेष्टा मला सुचायला हवी होती.

३

गुरुवारी राजरत्न आला. हा समोरच्या घरातला, वीज मंडळात वायरमन. खांबावर चढलेला असला तरी खाली कोण काय बोलतंय हे ऐकणारा. त्याची पोरगी दीक्षा नर्सिंगला आहे, घरी लॅपटॉपला स्पीकर लावून धडे ऐकते.

"तात्या, पोरीची परीक्षा हाय. दोन दिस गप बसा की."

"राजा, मी सोमवारपास्नं बटणाला हात लावला नाही."

"आवं, आवाज वळकू येत न्हाई व्हय मला? 'कंट्रोल, बंद करायची परवानगी मागतो, ओव्हर.' सात-आठ येळा. आन दर येळंला मदी थांबताय, कुणीतरी जवाब द्यावा तसं. दीक्षा म्हणली, बाबा, आजोबांची परीक्षा चाललीय वाटतं."

मी हसलो. पण वहीत लिहून घेताना ते वाक्य त्याला पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

कारण हे वाक्य मी या गल्लीत कुणापुढंच म्हणालेलो नव्हतो. ते फौजेतलं आहे. तिकडं पाच-सहा चौक्यांचे सेट एका कंट्रोलशी बांधलेले असतात. चौकीवरच्या माणसाला मनाला येईल तेव्हा सेट बंद करून उठता येत नाही. त्यानं कंट्रोलला विचारायचं, बंद करायची परवानगी? कंट्रोल म्हणाला 'परवानगी आहे', की सुटला. कंट्रोल म्हणाला 'वेट, आउट', म्हणजे थांब, की थांबायचं. कितीही वेळ. कंट्रोल पुन्हा बोलेपर्यंत त्या माणसाचं बूड त्या खुर्चीला शिवलेलं.

मी कंट्रोलवर असायचो. औंधचा कृष्णात वर एका चौकीवर होता. बर्फ पडत होतं. दुपारी त्यानं परवानगी मागितली आणि मला चेष्टा सुचली. 'वेट, आउट' म्हणालो आणि जेवायला गेलो. जेवून झोप लागली. ड्युटी बदलली, नव्या माणसाला मी काही सांगितलंच नाही. विसरलो. कृष्णात दुसऱ्या दिवशी सकाळी सेटपुढंच सापडला, हेडफोन कानाला, बसलेला. डाव्या पायाची तीन बोटं गेली.

तो आहे अजून, मजेत आहे. यमाईच्या जत्रेत भेटला की चप्पल काढून पाय दाखवतो आणि हसतो. मीही हसतो. एकदा मी विचारलं, "येड्या, उठून का गेला न्हाईस? चार पावलांवर शेगडी हुती."

तो म्हणाला, "उठताच येत न्हाई रं. तुला न्हाई कळायचं."

राजरत्नला मी वही दाखवली. सेट बंदची नोंद बघून तो म्हणाला, "तात्या, वही तुमीच लिवताय न्हवं?"

४

शनिवारी उसाची दोन ट्रॉल्यांची ट्रॅक्टरगाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. त्या गाड्यांवर घराएवढे स्पीकर असतात, दहा गावांना ऐकू जाईल असं गाणं लावतात. गाणं बंद होतं. ड्रायव्हर खाली उतरून एकेका घराच्या गच्चीकडं बघत येत होता. अथणीकडचा, यल्लाप्पा नावाचा. टोपी हातात धरलेली.

"मालक री, हे तार तुमचं काय?"

"व्हय. का रं?"

"वर कुणाला कोंडून ठिवलाय तुमी?"

अंजना दाराआडनं फिस्सकन हसली. तो हसला नाही.

"गाण्यात माणूस बोलायला लागला. म्हातारा माणूस. दार वाजवायलाय. धाड धाड धाड. आन रडायलाय री. मला बाहेर काढा म्हणतंय. मी गाडी पुढं घेतली, आवाज गेला. मागं घेतली, आला. हितंच येतंय, ह्या तारंखाली."

हा माणूस मला ओळखत नव्हता. मी चेष्टेखोर आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. गल्लीनं जे ऐकून कपाळाला हात मारला, ते त्यानं कोऱ्या कानानं ऐकलं होतं.

मी त्याला गच्चीवर नेलं. खोलीला बाहेरून कडी होती. उघडली. आत खुर्ची, टेबल, बंद सेट. तो उंबऱ्यापाशी थांबला, आत आला नाही. त्यानं खुर्ची तेवढी निरखून बघितली. मग टोपी घातली आणि जिना उतरला.

"काय बगितलंस रं?" मी वरून विचारलं.

"काय न्हाई, मालक. खुर्चीवरनं कुणीतरी आत्ताच उठल्यागत वाटलं." एवढं म्हणून त्यानं गाडी काढली, गाणं न लावता.

मी खुर्चीवर हात ठेवून बघितला. गरम होती. खिडकीतून तिच्यावर ऊन येतं, असं मी स्वतःला सांगितलं. येतं. पण दुपारी तीननंतर. तेव्हा साडेबारा झाले होते.

५

त्याच संध्याकाळी गल्लीनं अर्ज लिहिला. सोमवारी नगरपंचायतीत द्यायचा: भाऊसोंचा रेडिओ व तार काढून टाकावी. पहिली सही बायडाबाईची. दुसरी, माझ्या देखत, अंजनाची.

"तू बी?"

"मग काय करू? बायका मला इच्यारत्यात, रातध्याड कडी लावू नको, कडी लावू नको, असं काय करतीस गं म्हाताऱ्याला?"

सेट गेला तर माझ्यापाशी राहिलं काय? गुडघे आणि टीव्ही. मी म्हणालो, उद्या सगळ्यांसमोर तपासणी घ्या. मी बोलत नसताना आवाज आला तर अर्ज फाडायचा. राजरत्न म्हणाला, कबूल.

रविवारी चारला त्यानं स्वतः सेटचा प्लग काढला, बॅटरीच्या वायरी सोडल्या, एरिअल काढून गच्चीवर टाकलं आणि फ्यूज खिशात घातला. मग खोलीला कडी लावून आम्ही सगळे बायडाबाईच्या सोप्यात, पुढच्या खोलीत, बसलो. डब्यावर अभंग चालू. चहा आला. अर्ज तिच्या मांडीवर, पेनासकट. मी बशीत फुंकर मारत होतो.

चार चाळीसला अभंग तुटला.

खर्र झालं, आणि मी बोललो. म्हणजे तो बोलला. आवाज माझा, पण घसा फाटलेला, पाणी न मिळालेल्या माणसासारखा.

"कंट्रोल. बंद करायची परवानगी मागतो. ओव्हर."

आणि थांबला. डब्यातनं श्वास ऐकू येत होता. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. बायडाबाई उठली, माझी हनुवटी धरली. "आ करा, भावजी. तोंडात काय यंत्र बशिवलंय का बगू दे." मी आ केला. माझं तोंड उघडं असतानाच डब्यातला पुन्हा म्हणाला, "परवानगी मागतो. ओव्हर."

राजरत्ननं अर्ज घेतला आणि फाडला. अंजनानं माझा दंड धरला होता. लग्नानंतर पहिल्यांदाच चारचौघांत.

माझ्या डोक्यात मात्र एकदम दिवा लागला. कृष्णात! तोच. माझा आवाज कुठंतरी भरून घेतला असणार, जत्रेतला. हे वाक्य त्याच्याशिवाय कुणाला माहीत? पोरांकडनं एखादा छोटा सेट मिळवला, गावात कुठंतरी बसलाय, आणि इतक्या वर्षांनी तीन बोटांचा हिशोब करतोय. वा रे पठ्ठ्या! मला इतका आनंद झाला की मी बशी आपटली.

"दे रं फ्यूज."

"तात्या, आज नगा लावू," राजरत्न म्हणाला. "माजं ऐका. आजच्या दिस नगा."

"दे म्हणतो न्हवं!"

६

जिना मी दोन-दोन पायऱ्या चढलो. कडी काढली, पंखा लावला, फ्यूज बसवला, एरिअलसकट सगळ्या वायरी जोडल्या, हेडफोन चढवला. हिरवा दिवा लागला. काटा फिरवायचीही गरज पडली नाही. माझ्याच नेहमीच्या जागेवर तो होता.

"कंट्रोल. बंद करायची परवानगी मागतो. ओव्हर."

मी तोंडावर हात ठेवून पोटभर हसून घेतलं. कृष्णाता, गड्या, एकदा बसवला होता, दुसऱ्यांदा बसवतो. हसू दाबलं. बटण दाबलं.

"वेट. आउट."

पलीकडं काही नाही. श्वास नाही, खरखर नाही. मी हेडफोन काढला, बटणाचा माइक मुठीत तसाच घेऊन, आता खाली जाऊन सगळ्यांना सांगू म्हणून उठलो आणि दारापर्यंत आलो.

पाय उंबऱ्यावरून पुढं जाईना.

आधी वाटलं गुडघा. मग वाटलं, बसून बसून मुंग्या आल्या. चोळला. दुसरा पाय टाकून बघितला. दुखत नव्हता, ओढत नव्हतं कुणी. दार सताड उघडं होतं. समोर गच्ची, बायडाबाईच्या गच्चीवर वाळत घातलेल्या लाल मिरच्या, पलीकडं उसाच्या गाड्यांचा रस्ता. सगळं दोन पावलांवर. फक्त जायचं माझ्या हातात नव्हतं. हुकूम मिळालेल्या माणसाचं अंग जसं थांबतं तसं माझं अंग थांबलेलं होतं, आणि मला ते ओळखीचं वाटलं.

अंजना वर आली, वाळलेले कपडे काढायला. मी म्हणालो, "ए, जरा हात दे गं, पाय धरलाय." तिनं दोरीवरचं धोतर काढलं. मी मोठ्यानं म्हणालो. तिनं चिमटे पदरात टाकले आणि दाराशी येऊन आत बघितलं. माझ्याकडं बघितलं. माझ्या पोटातनं पलीकडच्या भिंतीकडं बघावं तसं.

"कुटं उलथलं हे? पंखा तसाच ठिवून."

मी खूश झालो, खरं सांगतो. म्हटलं गल्लीनं मिळून माझाच बकरा केलाय. बायडाबाई, राजरत्न, तो ट्रॅक्टरवालासुद्धा सामील! काय नाटक वठवलंय! तिनं पंख्याच्या बटणाकडं हात नेला आणि मी हसतच म्हणालो, "अंजना, पंखा बंद करू नको."

आणि माझं हसू तिथंच वाळलं.

पंखा बंद झाला. ती दार ओढायला लागली. मला गप्प राहायचं होतं. दात आवळले होते. पण तुमच्यासमोर कुणी तुम्हाला कोंडत असेल तर दुसरं काय निघणार तोंडातनं?

"अंजना, कडी लावू नको."

कडी लागली. तिची पावलं जिन्यावर वाजत गेली. खाली कुणालाच काही ऐकू गेलं नाही. ते बायडाबाईचं ऐकून झालं होतं. मंगळवारी.

७

ऊन खिडकीच्या तिसऱ्या गजावर आहे. मी बसलो तेव्हाही तिथंच होतं. मिरच्या कुणी आत नेल्या नाहीत. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतंय, काटा पुढं जात नाही. चार सत्तेचाळीस.

सेट चालूच आहे. बंद करायला हात नेला की हात आपोआप मांडीवर येतो. मग मी नियमानं परवानगी मागितली. बटण दाबून सात-आठ वेळा, मधे थांबून. नंतर वही चाळली आणि राजरत्नची नोंद सापडली. सात-आठ येळा, मदी थांबून.

यल्लाप्पाची नोंद वाचली तेव्हा ठरवलं, दाराला हात लावायचा नाही. मर्दानं रडायचं नाही. खुर्चीचे हात धरून बसलो. किती वेळ, कोण जाणे. घड्याळ चार सत्तेचाळीस. कृष्णातची आठवण झाली. तो रात्रभर असा बसला तेव्हा मी घोंगडी ओढून घोरत होतो. त्याच्या पायाला मी जत्रेत हसलो, दर वर्षी. त्याचं हसू माझ्यानंतर जरा उशिरानं यायचं, हे आत्ता लक्षात येतंय.

मग मी उठलो आणि दार बडवलं. हेडफोनची तार ओढली गेली, बटण हाताखाली दबलेलंच होतं. मी रडलो. लाज कसली, वहीत आधीच लिहिलेलं आहे.

आता एकच नोंद उरलीय. रविवार, चार चाळीस. घसा फाटलाय. इथं पाणी नाही.

मी सगळा विचार करून बघितला, सातवीच्या अकलेनं का होईना. न विचारता बसावं, तर इथंच बसून राहणार. विचारावं, तर पलीकडं उत्तर देणारा एकच माणूस आहे आणि तो कसला आहे हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. सांगून बघितलं, गाढवा, वेट म्हणू नको, मी तूच आहे. बोललोही बटण दाबून. पण त्या दिवशी बायडाबाईच्या डब्यातनं असलं काही निघालं नव्हतं. म्हणजे निघणार नाही. वहीत आहे तेवढंच पोहोचतं.

तरी पण. एखाद्या वेळी म्हाताऱ्याला दया येईल. राजरत्न फ्यूज देणार नाही. अंजना दंड सोडणार नाही. एकदा तरी.

वही कुणाला सापडली तर वाचून हसा. भाऊसोची आणखी एक चेष्टा म्हणा, काही बिघडत नाही. पण हसून झालं की खुर्चीत न बसता, उभ्या उभ्याच बटण दाबा आणि म्हणा, परवानगी आहे. दोनच शब्द. त्याला काही परवाना लागत नाही.

आत्ता मी विचारलं. घसा फाटेपर्यंत नीट, नियमानं, ओव्हर म्हणून.

पलीकडं कुणीतरी जिना चढून आलेला आहे. धापा ऐकू येतायत. फ्यूज बसल्याचा टक् आवाज. खुर्ची करकरली, हीच.

बटण दाबण्याआधी तो क्षणभर थांबलाय. तोंडावर हात ठेवून कुणीतरी हसू दाबतंय.